मागच्या तीन दिवसांतला ताप

लालासाहेबांनी माझं ओळखपत्र दोन्ही बाजूंनी वाचलं आणि परत दिलं.

"कॅप्टन नूरीन तांबोळी. डॉक्टर हाय म्हंता, मग गोळ्या-औषधं न्हाईत तुमच्याकडं?"

"नाहीत. माणसं आजारी का पडतात ते शोधायचं शिक्षण घेतेय मी. पुण्याला, लष्कराच्या कॉलेजात. दुसरं वर्ष आहे."

"मेल्यावर शोधायचं?"

"आधी सापडलं तर बरं," मी म्हणाले. "बऱ्याचदा नंतरच सापडतं."

"आवं, उनात का उभी केलीया पोरीला?" आतून त्यांच्या पत्नी सुलाबाई आल्या. "कुठली गं तू?"

"आष्ट्याची."

"आष्ट्याची व्हय? मग आपलीच की. ह्यांना वाटलं दिल्लीवरनं आली चौकशीला."

घर आटपाडीच्या बाहेर, माळाला लागून होतं. लालासाहेब लष्करात बावीस वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गाव त्यांना मेजर म्हणे. त्यांचा एकुलता एक मुलगा पृथ्वीराज एप्रिलमध्ये लष्कराच्या प्रशिक्षण केंद्रात, पाठीवर ओझं घेऊन पाच किलोमीटर पळताना चौथ्या किलोमीटरला पडला. दवाखान्यात नेला तेव्हा अंगाचं तापमान बेचाळीस अंश सेल्सिअस, म्हणजे एकशे सात फॅरनहाइटच्या वर होतं. संध्याकाळपर्यंत तो गेला. वय वीस.

माझ्या प्रबंधाचा विषय प्रशिक्षणातल्या जवानांचा उष्माघात हा होता. चौदा जणांची नोंद होती. बारा वाचले होते. त्यांतल्या साताऱ्याच्या दोघांना मी त्याच आठवड्यात भेटले होते. ते समोर बसून स्वतः बोलले. इथं मला वडिलांना विचारायचं होतं.

माझ्या प्रश्नावलीतले सोळा प्रश्न सरळ गेले. सतरावा असा होता: मागच्या तीन दिवसांत ताप, जुलाब किंवा कुठलं औषध?

"न्हाई," लालासाहेब म्हणाले. प्रश्न संपायच्या आत.

केंद्राच्या कागदावरही 'नाही'च होतं. पण पृथ्वीराजच्या पेटीतल्या सामानाची यादी मी पाहिली होती. तिच्यात तापाच्या गोळ्यांची एक पट्टी होती आणि तिच्यातल्या सहा गोळ्या संपलेल्या होत्या. हे मला बोलून दाखवता येत नव्हतं. उत्तर समोरच्याच्या तोंडात घालायचं नाही, हे आमचे सर पहिल्या दिवसापासून सांगत. पण गेलेल्या दोघांपैकी दुसऱ्याच्या घरून 'ताप होता' असं उत्तर आलं होतं. दोघांनाही असेल, तर दौडीआधी प्रत्येकाचा ताप मोजा असं मला ठामपणे मांडता आलं असतं. जूनमध्ये नवी तुकडी पळणार होती.

मी रकान्यावर पेन टेकवलं.

"आवं, रविवारी फोन आलता की," सुलाबाई म्हणाल्या.

"गप."

"काय गप? अंग कसकसतंय म्हणला हुता."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळत न्हाई म्हणूनच तुमच्याकडं फोन दिला मी."

मी पेन खाली ठेवलं.

"आजारी म्हणून नाव दिलं की मागच्या बॅचला टाकत्यात, मॅडम," लालासाहेब म्हणाले. "सोबतची पोरं फुडं जात्यात. मी कवा नाव दिलं न्हाई. ताप आला की गोळी घ्यायची आन् पळायचं. घाम फुटला की ताप उतरतो. तेच त्याला सांगितलं." मग ते म्हणाले, "माझा उतरायचा, मॅडम. दर येळंला उतरायचा."

मी लिहीत नव्हते.

"त्या तापानं गेला का?"

नाही म्हणणं सोपं होतं आणि त्या घरात ते कुणीही खोडून काढलं नसतं.

"ताप असताना शरीर आधीच गरम असतं," मी म्हणाले. "पळलं की आणखी तापतं. त्या दिवशी ऊन होतं, पाठीवर ओझं होतं. तापाचा त्यात वाटा होता. किती, ते मला सांगता येणार नाही."

"पर हुता."

"होता, काका."

सुलाबाई आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"लिवा," लालासाहेब म्हणाले. "माझं नाव घालून लिवा."

"प्रबंधात नावं छापत नाहीत."

"मग पोरं कुणाचं ऐकतील? तुमचा कागूद पुण्यातच ऱ्हायचा."

पाचच्या सुमाराला ते उठले, गळ्यात शिट्टी अडकवली आणि मला चला म्हणाले. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना ते शाळेमागच्या मैदानावर रोज पळवत. मुलाच्या तेराव्यानंतर त्यांनी ते पुन्हा सुरू केलं होतं. ऊन अजून चांगलंच होतं. एकोणीस पोरं ओळीत उभी होती.

"आज कुणाला ताप हाय? कालचा, परवाचा?" त्यांनी विचारलं.

एकही हात वर झाला नाही.

"मेजर, ताप आमाला भेतो," एक जण म्हणाला, आणि सगळे हसले. ते वाक्य मूळचं लालासाहेबांचंच असावं, कारण हसताना पोरं शाबासकीसाठी त्यांच्याकडं बघत होती.

"पृथ्वीला ताप हुता," लालासाहेब म्हणाले. "त्यानं मला सांगितलं हुतं. मीच पळ म्हणलो."

हसणं थांबलं. आता तरी हात वर होतील असं मला वाटलं. झाले नाहीत. लालासाहेबांनीही वाट पाहिली नाही. ते ओळीच्या एका टोकाला गेले आणि पहिल्या पोराच्या मानेवर त्यांनी उलटा हात ठेवला. मी पिशवीतून थर्मामीटर काढला आणि दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.

माझ्या बाजूच्या चौथ्याला एकशे एक ताप होता.

"काय न्हाई मेजर, पळतो की मी," तो म्हणाला.

लालासाहेबांनी त्याला दंडाला धरून कडेच्या कडुलिंबाखाली नेलं, आणि तो उठू नये म्हणून स्वतःच त्याच्याशेजारी खाली बसले. शिट्टी त्यांच्या गळ्यातच होती. बाकीची पोरं थोडा वेळ ओळीत तशीच उभी राहिली. मग एकानं हळूच हात वर केला.