उमेदवाराची टाच

बब्रुवानची उजवी टाच चालताना गप्प असायची आणि बसून उठलं की बोंब मारायची. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेलं पहिलं पाऊल हमखास विंचवावर पडायचं. गोठ्यापर्यंत जाईस्तोवर विंचू गायब. एरवी हे खपून गेलं असतं. पण बब्रुवान सरपंचपदाला उभा होता, आणि माकणीकडच्या त्या गावात चहा न घेता मत मागणं म्हणजे घराचा अपमान. त्यामुळं तो प्रत्येक घरात पैलवानासारखा शिरायचा, चहाला बसायचा आणि लंगडत बाहेर पडायचा. पुढच्या गल्लीत पुन्हा पैलवान.

गावानं हे लगेच टिपलं. समोरचा उमेदवार वीरप्पा हॉटेलात म्हणाला, "सहानुभूतीचा पाय हाय त्यो. मतदान झालं की बरा हुईल बघा."

बायकोनं, धुरपदाबाईनं, तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकली. टाच लाल झाली, दुखणं जागेवरच राहिलं. शेवटी बब्रुवान तालुक्याच्या गावी, लोहाऱ्याला, डॉक्टर आरोहीबाईंकडं गेला. एक्स-रेत टाचेच्या हाडाला काट्यासारखं टोक दिसलं, तसा त्याचा चेहरा उजळला.

"म्याडम, ही फिल्म घरोघर दाखवली तर?"

"काही सिद्ध होणार नाही. असं टोक न दुखणाऱ्या पायातही असतं." बाईंनी तळव्यावर अंगठा दाबला. बब्रुवान खुर्चीतून वर आला. "दुखणं इथं आहे. टाचेपासून बोटांकडं जाणारा हा पट्टा. तुमचं वजन, ही कडक चप्पल आणि घरात फरशीवर अनवाणी. बसलात की पट्टा आखडतो, उठलात की ताणतो, चाललात की जरा सैल पडतो. मऊ टाचेची चप्पल घाला, घरातसुद्धा. भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणा. थंडगार बाटलीवर तळवा फिरवा. आणि उठायच्या आधी पंजाला टॉवेल अडकवून पाय आपल्याकडं ओढा."

"बरं कधी हुईल?"

"बहुतेकांचं काही महिन्यांत होतं."

"मतदान रविवारी हाय."

"ते पट्ट्याला कळवता येत नाही."

मतदाराच्या घरात टॉवेल काढून पाय ओढायचा, हे काही बब्रुवानला पटेना. त्यापेक्षा बसायचंच नाही, असं त्यानं ठरवलं. भीमनगरात भिमाबाईच्या दारात त्यानं उभ्यानंच कपाला हात घातला. भिमाबाईनं कप मागं घेतला.

"उभ्यानं च्या पिऊन सटकणारे आमी लई बघितले, अण्णा. बसायचं आसंल तर च्या हाय."

बब्रुवान मुकाट्यानं बसला. चहा संपला. आता लंगडलं तर नाटक, बसून राहिलं तर मुक्काम. त्यानं खांद्यावरचं प्रचाराचं उपरणं काढलं, पंजाला अडकवलं आणि डोळे मिटून ओढायला लागला.



"ह्यो मत मागायचा नवा परकार हाय का?" भिमाबाईनं विचारलं.

त्यानं खरं ते सांगितलं.

"सकाळचं पयलं पाऊल जीव घेतंय?"

"व्हय."

"मग चाललं की बरं?"

"व्हय."

भिमाबाईनं आपला पाय पुढं केला. "माझंबी त्येच. पोरगा म्हनतोय, वय झालं. दाखवा, कसं वढायचं."

थोड्या वेळात शेजारच्या बायका ओट्यावर ओळीनं बसून पंजाला ओढण्या अन् टॉवेल अडकवत होत्या. रस्त्याचं, नळाचं कुणीच विचारलं नाही. उमेदवाराला याहून मोठं सुख नसतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी बब्रुवान वीरप्पाच्या घरावरून चालला होता. वीरप्पाची बायको शिवम्मा एक पाय मागं ठेवून घराची भिंत ढकलत होती. भिंतीवर नवऱ्याचं पोस्टर होतं. तिचे दोन्ही तळहात बरोबर त्याच्या गालांवर.

"भावजी, आसंच नव्हं?"

"मागचा गुडघा सरळ ठेवा, वहिनी," बब्रुवान म्हणाला. प्रचार संपला होता, त्यामुळं त्याहून जास्त बोलणं नियमात बसत नव्हतं.

बब्रुवान निवडून आला. मिरवणुकीला पोरांनी फुलं लावलेली जीप आणली. तो काही केल्या बसेना. बसलं की उतरणं आलं, तेही अख्ख्या गावासमोर. नवीकोरी मऊ चप्पल घालून तो गावभर ताठ चालत गेला. माणसाला पदाचा गर्व म्हणून नाही, असं लोक एकमेकांना सांगू लागले.

हॉटेलाच्या दारात उभा वीरप्पा त्या टाचेकडं टक लावून बघत होता. मतदान झालं होतं आणि पाय बरा दिसत होता. त्याचं एक भाकीत तरी खरं ठरलं होतं. पण ऐकायला हॉटेलात कुणीच नव्हतं.