मागाल तेवढं

बादल्यांच्या त्या कारखान्यात एक अलिखित रिवाज होता. गोदाम निम्माच माल पाठवायचं, म्हणून दुकानदार दुप्पट मागायचे, आणि सगळ्यांचं सुखाने चालायचं. मग नियोजकाने सॉफ्टवेअर सुधारलं. आता मागणी तेवढा पुरवठा, माणसाची लुडबूड बंद. साहेबांनी पाठ थोपटली.

पहिला फोन त्याच्या दाजींचा आला.

"साळेबुवा, सगळ्याच पाठवल्या?"

"दाजी, तुम्हीच मागितल्या होत्या."

"मागितल्या म्हणून कोणी पाठवतं का? दुकान भरलं, घर भरलं. तुमच्या ताईचा नुसता आवाज येतो, ती दिसत नाही."

"मग परत पाठवा."

"परतीचं बटण कुठंय?"

ते नियोजकानेच काढलं होतं. परत आलेल्या मालाने आकडे बिघडायचे. त्याने स्क्रीनवर पाहिलं. दाजींच्या नावापुढे 'वाढती मागणी' असा शेरा पडला होता आणि पुढचा, याहून मोठा ट्रक सकाळीच निघाला होता.

तो हे सांगणार, तेवढ्यात ताईने फोन घेतला.

"बिल भागवायला दुकान विकायला काढलंय रे. काल एक गिऱ्हाईक आलंही होतं."

"मग?"

"त्याला आत शिरता आलं नाही."