लांब आट्यांचा प्लग

मी मुलुंडची फियाट बोलतेय. आवाज चढलेला वाटला तर वाटू दे. ज्याने माझ्या डोक्याचे आटे उखडले त्याच्याबद्दल गोड बोलणं मला जमणार नाही.

माझा रंग मुळात फिकट निळा. आधी एका डॉक्टरांकडे होते, त्यांच्याकडून कुंडलिक साळवींकडे आले. साळवी कापडगिरणीच्या रंगखात्यात होते. गिरणी बंद पडली, साळवी घरी बसले, आणि त्यांच्या बायकोने, सुगंधाबाईंनी, माझं स्टिअरिंग हातात घेतलं. मला स्वतःच्या नावावर करून घेतलं आणि बायकांना गाडी शिकवायला सुरुवात केली. मुलुंडच्या कितीतरी बायकांनी आयुष्यातला पहिला गिअर माझ्यावर टाकला. त्यांनी क्लच जाळला, मला कुंपणावर घातलं, मध्येच गाडी बंद पडली म्हणून त्या रडल्या. मला त्यांचा कधी राग आला नाही.

माझे प्लग बाई स्वतः बदलायच्या. प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी बोटभर वस्तू. मला चार लागतात. बाई जुना प्लग काढून त्याचं टोक निरखायच्या. बिस्किटासारखं तांबूस असलं की माझी तब्येत ठीक. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय. नवा आणायला जाताना जुना पिशवीत टाकून न्यायच्या आणि दुकानातच दोन्हींचे आटे शेजारी धरून बघायच्या. बसवताना आधी नुसत्या बोटांनी फिरवायच्या. सरळ आत गेला तरच पाना. माझं डोकं, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं आहे. मऊ धातू. तिथे जोर चालत नाही.

साळवी गेले. बाईंचे गुडघे धरले, क्लास बंद झाला. मी इमारतीच्या मागच्या भिंतीजवळ उभी राहिले. कुणी माझ्या बॉनेटवर कुरडया वाळवल्या, कुणी टपावर गादी टाकली. बाई अधूनमधून खाली येऊन मला सुरू करायच्या, तेही हळूहळू कमी झालं. मग एक दिवस सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश म्हणाले, "मावशी, पार्किंग चालू गाड्यांना आहे. पुढच्या मीटिंगला ही सुरू करून दाखवा, नाहीतर हलवा."

हे ऐकून देवेश आला. बाईंचा मुलगा, ऐरोलीच्या कंपनीत मॅनेजर. हातात नव्या प्लगचा खोका.

"आई, भारीतले आणलेत. रेसच्या गाड्यांना लावतात."

"आधी जुना आणि नवा शेजारी धर."

"तू बस ना खुर्चीवर. मी व्हिडिओ बघून आलोय."

"आटे लांब दिसतायत रे."

"लांब म्हणजे जास्त घट्ट बसणार ना."

भोवती जमलेल्या शेजारच्या पुरुषांनी माना डोलावल्या. जन्मात ज्यांनी बॉनेट उघडलं नव्हतं, त्यांनीही. बाईंनी पान्यासाठी हात पुढे केला. देवेशने तो हात हसत बाजूला सारला. ते हसणं मला अजून आठवतं.

तीन प्लग आत गेले. चौथा तिरका लागला. बोटांना कळलं असतं, पण बोटं लावलीच कुणी? त्याने पान्याला पाइप अडकवला आणि जोर लावला. माझे आटे चुऱ्यासारखे सुटून आले. मग त्याने किल्ली फिरवली. लांब प्लग आत इतके खाली उतरले होते की वर येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळला. टक, टक, टक. बाई ओरडल्या, "बंद कर." त्याने आणखी एकदा फिरवली.

"गाडी संपलीय आई," तो हात पुसत म्हणाला. "वय झालं तिचं."

माझं वय झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो दारात. माझ्या पुढच्या ॲक्सलला साखळी लागली तेव्हा बाई कठडा धरत धरत जिना उतरल्या आणि माझ्या सीटवर बसून त्यांनी दार लावून घेतलं.

"उतर ना आई, लोक बघतायत."

"बघू देत. गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"तुझ्या."

"मग टेम्पो कुणाला विचारून बोलावलास?"

"मला वाटलं, महाग प्लग म्हणजे चांगला," देवेश खालच्या आवाजात म्हणाला.

"तुला वाटलं. मी सांगितलं होतं." बाईंचा आवाज थरथरत होता, रागाने. मला तो आवाज फार आवडला.

साखळी निघाली. बाईंनी रुचिराला फोन केला. माझ्यावर शिकलेली ही मुलगी आता वडिलांचं लेथचं वर्कशॉप चालवते. तिने माझं डोकं उतरवून नेलं, उखडलेलं भोक मोठं करून त्यात नव्या आट्यांची बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, ठोकून बसवली. प्लग बाईंनी बसवले. आखूड आट्यांचे, बोटांनी, गुडघ्याखाली उशी घेऊन.

मीटिंगच्या दिवशी किल्ली दुसऱ्यांदा फिरवताच मी सुरू झाले. "झकास मावशी. पास. करा बंद आता," चंद्रप्रकाश म्हणाले. बाईंनी गिअर टाकला. शेजारी रुचिरा बसली होती. गेटपाशी देवेशने हात केला, "थांब, मी पण येतो." माझे ब्रेक चांगले आहेत. बाईंनी ते लावले नाहीत.

हल्ली आठवड्यातून एकदा आम्ही फिरून येतो. पिस्टनवर एक खड्डा राहिलाय, तो जायचा नाही. माझा रागही तसाच. तुमच्या आवारात अशी एखादी उभी असेल, तर तिला हात लावण्याआधी, जिने किंवा ज्याने ती आयुष्यभर चालवली, त्या माणसाला विचारा. एवढंच मागणं.

परवा देवेश येऊन माझ्या बॉनेटशी घुटमळत होता. "आई, मला शिकवशील प्लग बसवायला?"

"विचार करते," बाई म्हणाल्या.

करा बाई. अगदी सावकाश करा.