क्लेलची जोडी

आमच्या दुकानात काम हॉलिसचं आणि किंमत माझी, असं एकतीस वर्षं चाललं होतं. माझा नवरा घोडा हाकायला बुटाच्या टाचेवर चढवायचे स्पर बनवतो. पोलादाच्या एकाच तुकड्यातून कमान आणि दांडी ठोकून काढायची, मागे फिरती चक्री बसवायची, वर चांदीचा पत्रा झाळायचा आणि त्यावर कोरणीने पानं-वेली उठवायच्या. एका जोडीला ऐंशी तास सहज जातात. आणि गिऱ्हाइकाने किंमत विचारली की हा आपला ऐरणीकडे बघत म्हणणार, "द्या काय वाटेल ते." लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तो कारभार मी काढून घेतला.

क्लेल यारब्रोला मात्र किंमत त्यानेच सांगून टाकली. त्या दिवशी मी लबकला बहिणीकडे गेले होते. क्लेल चोवीस वर्षांचा, बारा मैलांवरच्या रँचवर गुरांमागे घोडा पळवणारा. हॉलिसने त्याला अठराशे डॉलर सांगितले आणि हात मिळवला. पुढे तीन वर्षं क्लेल आपली पाळी यायची वाट बघत यादीत थांबला. दरम्यान चांदी दुपटीच्या वर गेली.

"आता तरी आकडा वाढव," मी म्हणाले.

"हात दिलाय मी त्याला, व्हर्ना."

"हाताने पत्रा विकत मिळतो का?"

तो हसला आणि कानस उचलली.

जानेवारीत जोडी तयार झाली. बाहेरच्या बाजूला क्लेलच्या आजोबांच्या गुरांवर डागायची खूण चांदीत कोरली होती. हॉलिसने इतकं चांगलं काम कधीच केलं नव्हतं, आणि ते त्यालाही कळत होतं. क्लेल बघायला आला तेव्हा त्याने आधी पँटला हात पुसले. चक्री बोटाने फिरवून कानाशी धरली.

"मिस व्हर्ना, हे घालून शेणात उतरायचं म्हणजे पाप आहे."

"मग चर्चला घालून जा," मी म्हणाले.

"तिथे जात नाही म्हणून तर बाप मला दर रविवारी शिव्या घालतो."

अठराशे पुरे व्हायला अजून थोडे कमी आहेत, पुढच्या महिन्यात जमतील, मग सगळे देऊन नेतो, असं सांगून तो गेला.

जानेवारीतच ॲबिलीनला प्रदर्शन होतं. ती जोडी हॉलिसने फक्त मांडायला नेली. तो कॉफी आणायला गेला असताना ह्यूस्टनचा एक माणूस टेबलापाशी थांबला. किती, म्हणाला. विकायची नाही, असं सांगायला माझं तोंड उघडलं होतं. "बावन्नशे," असं बाहेर पडलं. त्याने घासाघीस केली नाही.

दुकानाच्या छपरासाठी विकली, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. छप्पर गळत होतंच. पण खरं ते नव्हे. आमच्या कामाचा आकडा ऐकून पहिल्यांदाच कुणीतरी भुवई न उचलता पैसे दिले, त्याचं मला सुख झालं होतं.

हॉलिस परत आला आणि रिकाम्या जागेकडे बघत राहिला. "ती क्लेलची होती," एवढंच म्हणाला.

"मे महिन्यापर्यंत दुसरी होईल. थांबेल तो. गुणी आहे."

क्लेलला फोन मीच केला. थोडं कोरीवकाम राहिलंय म्हणून सांगितलं. "सावकाश होऊ द्या, मॅडम," तो म्हणाला. "तीन वर्षं गेली, तीन महिन्यांचं काय."

फेब्रुवारीत जमिनीवर बर्फ गोठून निसरडं झालं होतं. एक गाय कुंपणाबाहेर गेली, क्लेलने तिच्यामागे घोडा घातला. घोडा घसरून अंगावर पडला. माणसं पोचेपर्यंत क्लेल गेला होता.

मंगळवारी त्याचा बाप, ऑरिन यारब्रो, दुकानात आला. टोपी हातात होती.

"शुक्रवारी पुरायचंय," तो म्हणाला. "बुटांसकट. स्परांचं थोडंच काम राहिलंय, असं क्लेल म्हणाला होता. होईल का?"

मी हॉलिसकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "शुक्रवारी सकाळी या," तो म्हणाला.

ह्यूस्टनच्या माणसाला मी फोन केला. त्याने जोडी केव्हाच पुढे विकली होती, कुठल्याशा परदेशी संग्राहकाला. मग ऐंशी तासांचं काम तीन दिवसांत करायला हॉलिस बसला. मी जेवण नेऊन ठेवायचे आणि तसंच परत आणायचे. चांदी कापायला बसले तर त्याने पत्रा माझ्या हातातून काढून घेतला, रागाने नाही, एखाद्या परक्या बाईच्या हातून घ्यावा तसा. गुरुवारी डाव्या स्परवर ज्योत जास्त लागली आणि चांदी वितळून ओघळली. दुसरा पत्रा लावायला वेळ नव्हता. त्याने ती खरवडून काढली आणि नुसतं पोलाद घासत राहिला.

शुक्रवारी ऑरिनने दोन्ही हातांत एकेक स्पर घेतला. उजव्यावर चांदी होती, पानं घाईची. डावा उघडा.

"थोडंच राहिलं होतं म्हणाला होता," तो पुन्हा म्हणाला. "त्याने बघितली होती. माझ्यापाशी तासभर तेच वर्णन करत होता."

"ती जोडी विकली गेली," हॉलिस म्हणाला. "मी विकली, ऑरिन."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मी बोलायला हवं होतं. मी ॲप्रनची गाठ धरून उभी राहिले.

"कितीला?"

"बावन्नशे."

ऑरिनने मान हलवली. "म्हणजे किंमत ठाऊक होती तुला."

खिशातून त्याने पाकीट काढलं. त्यात अठराशे होते, काही नोटा क्लेलने घातलेल्या तशाच चुरगळलेल्या. हॉलिस नको म्हणाला.

"माझा मुलगा फुकटचं घालून जाणार नाही," ऑरिन म्हणाला आणि पैसे ऐरणीवर ठेवून गेला.

पुरताना आम्ही गेलो नाही. हॉलिस कपडे करून दारापर्यंत आला आणि खुर्चीत बसला.

आता तो फाटकांच्या बिजागऱ्या आणि कड्या बनवतो. चांदीला हात लावत नाही. यादीतल्या माणसांना, आता काम होणार नाही, अशी मी पत्रं पाठवली. आमच्यात भांडण नाही. त्याने मला एकदाही बोल लावला नाही, आणि तसं बघितलं तर आम्ही आता फारसं बोलतच नाही.

पेंडीच्या दुकानात ऑरिन भेटतो. हॉलिस बरोबर असला तर तोंड फिरवून निघून जातो. मी एकटी असले की टोपी उचलतो. "कशा आहात, मिस व्हर्ना," म्हणतो, पेंडीचं पोतं गाडीत टाकून देतो. मी आभार मानते.