घरं चार, गुडघे दोन

मी शिडी बोलतेय. आठ पायऱ्यांची, लाकडी, भिंतीला टेकल्याशिवाय उभी न राहणारी.

मालक कारखान्यात फिटर होते, तेव्हा त्यांनी मला ओळखीच्या सुताराकडून करून घेतलं. भाड्यानं द्यायचं पहिलं घर त्यांनी त्याच वर्षी विकत घेतलं होतं. पुढे चार झाली, तीन गल्ल्यांत विखुरलेली. मी मात्र एकच राहिले.

घर आपलं तर दुरुस्तीही आपल्याच हातची, असा त्यांचा नियम होता. कोणत्या घरात पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, कोणत्या खोलीत कोणता दिवा बसतो, हे सगळं त्यांनी माझ्या डाव्या दांडीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं. अक्षर असं, की त्यांच्याशिवाय कुणाला लागू नये.

निवृत्तीनंतरची काही वर्षं बरी गेली. मग त्यांच्या खांद्यावर असताना मला थरथर जाणवू लागली. चढताना ते पाचव्या पायरीवर थांबत आणि भिंत तपासल्यासारखं करत. त्यांचा श्वास जागेवर येईपर्यंत मी मुकाट्यानं भार सोसायची.

मुलगी म्हणायची, "बाबा, घरं बघायला कुणीतरी नेमा. तो धंदाच असतो काहींचा."

"मी गेल्यावर नेम."

"अहो, घरं चार आणि गुडघे दोन," मालकीणबाई आतून म्हणायच्या. "त्यातलाही एकच कामाचा."

"तक्रार येते का एक तरी? सहा महिन्यांत दोन फोन! उगाच नाही."

या दोन फोनांचा त्यांना फार अभिमान होता.

एके दिवशी सकाळी चौथ्या घरी त्यांनी पाणी बंद करून गळका पाइप उघडला. पाइप बसवून होतोय तोच दुसऱ्या घरातून फोन आला, बटणातून ठिणग्या उडत होत्या. मला खांद्यावर टाकून ते तसेच निघाले. ते काम झालं, चहा झाला, घरी आले. फोनची पिशवी माझ्या पायरीला अडकवून आडवे झाले. चौथ्या घरचा कॉक बंदच राहिला होता.

दुपारभर फोन माझ्या अंगावर वाजत होता. आतल्या खोलीपर्यंत त्याचा आवाज पोचत नव्हता. मालकीणबाई मुलीकडे गेल्या होत्या. मला हाक मारता येत नाही.

संध्याकाळी चौथ्या घरची भाडेकरीण दारात उभी राहिली. खांद्यावर दीड महिन्याचं बाळ. "काका, सकाळपासून घरात थेंब नाही."

मालक चप्पल न घालताच धावले. मला न घेता ते पहिल्यांदाच कामाला गेले.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. "आम्ही घर बदलतोय, काका. कालचा राग नाही. बाथरूमचा दिवा दोन महिने बंद आहे, खिडकी लागत नाही. मी सांगितलंच नाही."

"का?"

"तुम्ही शिडी घेऊन आला असता." ती म्हणाली. "तुमचे बाकीचे भाडेकरूही सांगत नाहीत. आम्ही सगळे तुम्हाला जपतो. पण बाळ झाल्यापासून मला जमेना."

मालक ओट्यावर बसून राहिले. मग त्यांनीच मुलीला फोन लावला. "त्या धंद्यातलं कोण आहे म्हणालीस?"

पुढच्या आठवड्यात एक व्यवस्थापक बाई आल्या. भाड्यातला थोडा हिस्सा त्यांचा, हे ठरलं. मालकांनी मला आडवं ठेवलं आणि दांडीवरचं एकेक वाक्य वाचून दाखवलं. त्या वहीत उतरवत गेल्या. दोन ठिकाणी मालकांनाही स्वतःचं अक्षर लागलं नाही.

बाईंनी चारही घरांत फिरून विचारपूस केली. एकवीस तक्रारी निघाल्या. मालक यादी हातात धरून म्हणाले, "माझ्या घरांत एवढं बिघडलेलं होतं?"

"होतं," मालकीणबाई म्हणाल्या. "जेवायला चला."

चौथ्या घरची भाडेकरीण आणखी दोन महिने राहून बघते म्हणाली आहे. मालक रोज फिरायला जातात, पण त्या गल्लीतून नाही.

तुमच्याकडेही भाड्याची घरं असतील आणि तक्रारी येत नसतील, तर एकदा दार वाजवून विचारा. कुणी गप्प असेल तर का, तेही विचारा. मी थकले आहे. मालक, मला माळ्यावर टाकू नका. इथंच भिंतीला टेकून असू द्या. मला तेवढीच विश्रांती घेता येते.