झुडपामागची बाई

मी एका जुन्या डच चित्रातली बाई आहे, मित्रांनो. उंचीने तुमच्या करंगळीएवढी. डोक्याला पांढरी टोपी, पुढे पांढरं एप्रन, आणि गुडघ्यांवर कोपरं टेकून मी हार्लेम शहराजवळच्या एका कुरणात बसले आहे. तुम्ही माझ्याकडे बघाल तेव्हा मीही तुमच्याकडे बघत असेन. नेमकं तेच कित्येकांना खपत नाही.

आमच्याकडे पुष्कळदा एक चित्र दोघं मिळून करत. वाउटर नावाचा चित्रकार आभाळ, ढग, झाडं, पाण्याचे पाट असं सगळं रंगवायचा. माणसं मात्र त्याला जमत नसत. मग तो शेजारच्या माख्टेल्डला बोलवायचा आणि ती मोकळ्या जागेत माणसं बसवायची. "लहान काढ हं," तो दर वेळी बजावायचा. "झाड किती उंच आहे ते कळलं की झालं." म्हणजे आम्ही माणसं कोण, तर झाडं मोजायच्या काठ्या! त्यातून आम्ही पाठमोरंच असलेलं त्याला बरं वाटे. ऐकून आजही माझं डोकं फिरतं.

त्या वेळी फ्लोरिसशेठना आपल्या कुरणाचं चित्र हवं होतं. शेठचा धंदा लिननचं कापड शुभ्र करून द्यायचा. कापड आधी राखेच्या पाण्यात उकळायचं, मग ताकात भिजवायचं, मग गवतावर अंथरून त्यावर सारखं पाणी शिंपडायचं. हे सगळं करायच्या बायका. माख्टेल्ड त्यांना बघायला गेली तेव्हा नेल्ट्ये नावाची एकजण जरा टेकली होती.

"अशीच बस गं. फक्त पाठ वळव इकडे," माख्टेल्ड म्हणाली.

"पाठ कशाला? पहाटेपासून वाकून वाकून सगळ्यांना पाठच दाखवतेय की," नेल्ट्ये फणकारली. "एवढी हौस असेल तर माझं तोंड काढ!"

माख्टेल्ड हसली आणि तिने खरंच तोंड काढलं. टोपीला आणि एप्रनला तिने पांढरा रंग असा सढळ हाताने लावला की बोट फिरवलं तर उंचवटा लागावा. तो माझा जन्म.

फ्लोरिसशेठ चित्र बघायला आले. ढगांची तारीफ झाली, झाडांची झाली. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"अरे वाउटर, ही बसलीय? माझ्या कुरणात? कापड तिकडे सुकतंय आणि ही बया आरामात बसलीय! आणि बघतेय बघ कशी, जशी काही मालकीण!"

"काढून टाकतो शेठ. तिथे झुडूप घालतो," वाउटर घाईने म्हणाला.

माख्टेल्डने ब्रशला हात लावायला साफ नकार दिला. मग वाउटर स्वतःच बसला. मला खरवडून काढलं असतं तर माझा कारभार तिथेच आटोपला असता. पण भोवतालच्या आपल्या लाडक्या गवतावर ओरखडा येईल, या भीतीने त्याने उरलासुरला हिरवा रंग पातळ करून माझ्यावर फासला. माझे डोळे झाकले गेले. मला फार राग आला होता, आणि तो मी अजून सोडलेला नाही.

नेल्ट्ये स्वतःला बघायला आली, तर चित्रात झुडूप.

"मी कुठेय?"

"झुडपामागे," माख्टेल्ड खाली मान घालून म्हणाली.

नेल्ट्ये खो खो हसली. "मग येईनच की परत! झुडपामागे गेलेलं माणूस तिथे मुक्काम थोडंच करतं?"

ती गेली, ते सगळेच गेले. चित्र शेठच्या घराण्यात राहिलं आणि त्यांची पणती हिलेगोंड घराची मालकीण झाली. एव्हाना पातळ हिरवा रंग तपकिरी पडून विरत चालला होता. आधी माझी टोपी दिसू लागली. हिलेगोंडला वाटलं, बुरशी! आमच्या लोकांना स्वच्छतेचं वेड केवढं. दारासमोरचा रस्तासुद्धा घासतील. तिने मोलकरणीला, ट्राइनला, साबण आणि फडकं दिलं. ट्राइन दर शनिवारी डाग घासायची. जितकं घासावं तितका डाग मोठा! झुडूप निघत गेलं, मी उघडी होत गेले. आणि एका शनिवारी माझे डोळे तिच्या डोळ्यांना भिडले.

"अगंबाई! बाईसाहेब, ही बुरशी नाही, बाई आहे!"

हिलेगोंड चष्मा लावून आली आणि तिच्या पणजोबांसारख्याच आठ्या तिच्या कपाळावर पडल्या. "आमच्या कुरणात बसलीय? पाहुणे काय म्हणतील? बोलव एखाद्या चित्रकाराला. या वेळी झुडूप नको, चांगली जाडजूड गाय घाल म्हणावं."

"बसली तर बसली," ट्राइन पुटपुटली. "दमली असेल."

"चित्रातल्या बाईला दमायला काय झालं?"

 हिलेगोंड गेल्यावर ट्राइनने इकडेतिकडे बघितलं, खुर्ची ओढली आणि गुडघ्यांवर कोपरं टेकून माझ्यासमोर बसली. बराच वेळ आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू अशा वेळी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा. मी नाही म्हणणार. चित्रकार उद्या यायचा आहे. येऊ दे. घालू दे त्याला गाय, घालू दे गायींचा कळप. माझा पांढरा रंग जाड आहे आणि मला घाई नाही. पण पाठ? ती मी कोणाला दाखवणार नाही.