सहा मिलीमीटर मोठी गाडी

सुदामने तीस वर्षं फाउंड्रीत पॅटर्न केले, म्हणजे ओतीव कामासाठी लागणारे लाकडाचे नमुने, आणि त्यातला एकही परत आला नाही. ही गोष्ट अंबरनाथ पूर्वेच्या त्याच्या सोसायटीत प्रत्येकाने किमान दोनदा ऐकली होती. त्याची बायको रखमा तर तो नुसतं "तीस वर्षं" म्हणाला की पुढचं स्वतःच म्हणून टाकायची.

त्यामुळे मुलगी मैत्रेयीने "पप्पा, माझं मॉडेल तुम्ही कराल का?" असं विचारलं तेव्हा त्याने लगेच हो म्हटलं नाही. जरा भाव खाल्ला. आधी ड्रॉइंग दाखव, म्हणाला. मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

मैत्रेयी इंजिनीअर. पुण्याच्या एका डिझाइन स्टुडिओने स्पर्धा लावली होती: पंधरा वर्षांनंतरची, उघड्या चाकांची रेसिंग गाडी कशी असावी? सहा जण शेवटच्या फेरीत पोहोचले होते आणि पहिल्या येणाऱ्याला स्टुडिओत नोकरी मिळणार होती. बदलापूरच्या कंपनीत दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर मापं टाकून मैत्रेयी विटली होती. ही नोकरी तिला इतकी हवी होती की ती घरात त्याबद्दल बोलायचीसुद्धा नाही. अट मात्र कडक होती. एकास दहा या प्रमाणातलं मॉडेल ड्रॉइंगशी एका मिलीमीटरच्या आत जुळलं पाहिजे, नाहीतर बाद.

"एवढीशी?" ड्रॉइंग बघून सुदाम म्हणाला. "टीव्हीवरच्या तर चांगल्या लांबलचक असतात."

"तेच तर ना पप्पा! साडेपाच मीटरच्या झाल्यात त्या. बॅटरी आली, वाढवा. सेफ्टी आली, वाढवा. पंख लावा, वरून अजून पंख लावा. आता दोन गाड्या वळणावर शेजारी मावत नाहीत, मग ओव्हरटेक करणार कुठून? माझी साडेचार मीटरची आहे. पंख एकदम छोटे, हवेने गाडी दाबून धरायचं सगळं काम खालच्या तळाचं."

"आणि चाकं झाकली तर? वारा कमी अडेल की."

"अडेल ना कमी. पण बघणाऱ्याला काय दिसणार मग? चाक वळताना दिसलं, ड्रायव्हरचे हात दिसले, की कळतं आत माणूस आहे आणि तो आत्ता काय करतोय. म्हणून मी ड्रायव्हरच्या जागेच्या कडा खाली घेतल्यात. हात बाहेरून दिसले पाहिजेत."

सुदामला ते पटलं. की बोलताना ती स्वतःचे हात जसे नाचवत होती ते त्याला आवडलं, कोण जाणे. त्याने त्याच आठवड्यात जुन्या सागवानाचा एक कोरडा ठोकळा मिळवला आणि गॅलरीत बैठक मारली.

तीन आठवडे तो रंधा, पटाशी आणि पॉलिश पेपर यांच्यातच होता. दिवसातून दहा वेळा पट्टी लावायचा आणि खूश व्हायचा. एकदा मैत्रेयी ऑफिसमधून कॅलिपर घेऊन आली, तर त्याने तिला हाकललं. "बापाचं काम मापतेस?" ती बिचारी हसून आत गेली. गाडी झाली ती मात्र अशी की रखमाने पदराने पुसून टीव्हीशेजारी ठेवली आणि दोन दिवस तिथून हलवू दिली नाही.

न्यायला पेटी हवी होती. उल्हासनगरला फर्निचर बाजाराच्या मागे हरेशभाई नावाचे सिंधी गृहस्थ शोरूमच्या मालासाठी पेट्या बनवतात. मैत्रेयीने त्यांना ड्रॉइंग फोनवर पाठवलं होतं आणि त्यावरून त्यांनी पेटीच्या आत गाडीच्या आकाराचा फोम कापला होता. सुदाम गाडी टॉवेलात गुंडाळून रिक्षाने घेऊन गेला. फोममध्ये नाक बसवलं तर शेपटी वर. शेपटी बसवली तर नाक वर.

"हरेशभाई, खड्डा छोटा झाला."

"छोटा कैसे होगा साईं? मशीनवर कापलाय. तुमची गाडी मोठी आहे."

"तीस वर्षं पॅटर्न केलेत मी!" सुदामचा पारा चढला. त्याने पिशवीतून स्वतःची पट्टी काढली आणि गाडीला लावली. बरोब्बर साडेचारशे मिलीमीटर. "घ्या, बघा."

हरेशभाईंनी शांतपणे स्वतःची स्टीलची टेप लावली. चारशे छप्पन.

"टेप खराब आहे तुमची."

हरेशभाई वाद घालत बसले नाहीत. त्यांनी टेप आणि पट्टी शून्याला शून्य लावून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. सुरुवातीच्या रेघा जुळत होत्या. मग थोड्या सरकल्या, मग आणखी. टोकाला पोहोचेपर्यंत चांगलीच तफावत पडली होती.

सुदामने पट्टी उचलून डोळ्यांशी धरली. त्याला सगळं कळलं होतं. वितळलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मुळातच जरा मोठा करावा लागतो. प्रत्येक वेळी हिशोब नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच किंचित लांब बनवलेली असते. ती पट्टी तीस वर्षं त्याच्या हातात होती. दुसरी त्याने कधी घेतली नव्हती, आणि हे मॉडेल कुठेही ओतलं जाणार नाही हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

परत येताना रिक्षात त्याच्या मनात नको ते आलं. नाकाचे तीन मिलीमीटर घासावेत, शेपटीचे तीन. लांबी जुळेल, कोणाला कळणार? पण रुंदी, चाकांमधलं अंतर, सगळंच त्या हिशोबाने वाढलेलं होतं. परीक्षकांनी एक माप घेतलं की पोरीची नोकरी गेलीच. घरी गेल्या गेल्या त्याने मैत्रेयीला सगळं सांगितलं.

तिने टॉवेल सोडून गाडी बाहेर काढली. मग एवढंच म्हणाली, "मी मापायला आले होते पप्पा."

त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

हातात पाच दिवस होते. मैत्रेयीने रजा टाकली आणि स्टीलची पट्टी आणली. जुनी घासून भागणार नव्हतं, चाकांसकट सगळी गाडी नवी घडवली. तो कोरायचा, ती मापायची, आणि ती मापत असताना तो हात बांधून गप्प उभा राहायचा. चौथ्या दिवशी दुपारी दोन्ही गाड्या शेजारी ठेवल्या तर कुठली मोठी ते रखमाला ओळखता येईना. मैत्रेयी त्यांच्याकडे बघत राहिली.

"पप्पा, मी दोन्ही नेऊ का? ही चूक सगळ्यांसमोर दाखवायची आहे मला. तुम्ही नको म्हणालात तर नाही दाखवणार."

सुदामने मोठी गाडी तिच्यापुढे सरकवली. "दाखव. पण कोणाची ते सांगू नकोस."

पुण्याच्या त्या हॉलमध्ये तो शेवटच्या रांगेत बसला. बरोबर असलेल्या गाडीची मापं आधीच तपासून झाली होती. मैत्रेयीने दोन्ही गाड्या टेबलावर ठेवल्या आणि मोठी कुठली ते विचारलं. तिन्ही परीक्षकांनी वेगवेगळी उत्तरं दिली, एकाने तर दोन्ही सारख्याच म्हटलं.

"एका कारागिराने ही सवयीच्या पट्टीने केली," ती म्हणाली. "रोज मापली, रोज बरोबर आली. रेसिंगच्या गाड्या अशाच वाढल्या, सर. कोणीही एका दिवसात मीटरभर वाढवली नाही. प्रत्येकाच्या पट्टीवर ती बरोबरच होती. पुढची गाडी काढायची तर आधी पट्टी बदलायला हवी."

परीक्षक मॅडमनी मोठी गाडी उचलून उलटी करून पाहिली. "काम सुंदर आहे. कोण हे कारागीर?"

मैत्रेयी अडखळली. "आहेत एक... ओळखीचे."

हे त्यानेच सांगायला लावलं होतं. तरी तो शब्द सुदामच्या काळजात रुतला. तो उभा राहिला.

"मी केली, मॅडम. मी तिचा बाप. ती मापायला आली होती, मीच मापू दिलं नाही."

हॉलमध्ये सगळे वळून बघायला लागले. मैत्रेयीने पटकन मनगटाने डोळे पुसले आणि पुढची स्लाइड लावली.

निकाल चार वाजता लागला. मैत्रेयी पहिली आली. सुदाम इतका रडला, इतका रडला, की शेजारी बसलेल्या दुसऱ्या स्पर्धकाच्या वडिलांना वाटलं याची मुलगी हरली, आणि ते त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.